तुमच्या घरात हत्ती आहे का?

आमच्या धंद्यात माणसाची किंमत दोन गोष्टींवर ठरते. त्यानं स्वतः किती लिहिलं ही एक, आणि त्याचं लिहिलेलं इतरांनी आपापल्या लिखाणात किती वेळा दाखवलं ही दुसरी. पहिलीला प्रकाशनं म्हणतात, दुसरीला उल्लेख. रोगी किती बरे केले, असं मला उभ्या नोकरीत एकाही मुलाखतीत कुणी विचारलं नाही. तो बहुतेक खासगी मामला समजत असावेत.

ज्यांना या भानगडीचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगते. शोधनिबंध म्हणजे लग्नपत्रिका समजा. राबतो एक जण, आणि खाली नावं छापतात चुलत्यांची, मामांची, थोरल्या मेहुण्यांची. ज्याचं नाव राहिलं तो मांडवात येऊन फुगून बसतो. आमचे विभागप्रमुख प्रत्येक पत्रिकेत पहिले असायचे. लग्न कुणाचं आहे हे त्यांना कधी कधी पत्रिका छापून आल्यावर कळायचं. आणि उल्लेख म्हणजे आहेर. तुम्ही माझ्या पोरीला साडी नेसवली, की मी तुमच्या सुनेला नेसवणार. साडी घडी मोडून कोण बघतो? तीच साडी तशीच्या तशी पुढच्या लग्नात तिसऱ्या बाईला जाते.

माझा एक निबंध असाच फिरला, घडी न मोडता. त्याची ही हकिकत. यातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना विचारूनच लिहिलंय. त्यातल्या गिरजाबाई म्हणाल्या, "नाव बदला, पण हत्ती ऱ्हाऊ द्या."

मी मनोविकारतज्ज्ञ. शहराला सगळे औरंगाबाद म्हणायचे तेव्हापासून इथल्या एका रुग्णालयात होते. आता निवृत्त होऊन उस्मानपुऱ्यात राहते. शेजारणी माझी ओळख 'वेड्यांची डॉक्टरीण' अशी करून देतात, तेव्हा मी त्यांना, "मग तुम्ही कधी येताय?" असं विचारते. त्या हसतात. दोघी-तिघी नंतर एकेकट्या येऊन गेल्या आहेत, पण ते असो.

तर नोकरीच्या ऐन उमेदीत मी आणि आमचे समाजसेवा अधीक्षक शिंदे, असे दोघं खेड्यातल्या नैराश्याचा अभ्यास करायला निघालो. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही. निबंधात गावाचं नाव लपवायचा रिवाज असतो, म्हणून मी त्याला 'गाव क' म्हटलं होतं. मात्र पिशोरच्या बाजारापासून ते किती लांब, कोणत्या दिशेला, मेंढरं कुणाची, मका कुणाचा, हे सगळं इमानदारीनं छापलं. शास्त्राचा कायदाच तसा आहे. नाव लपवा आणि पत्ता द्या.

आमचं काम दिसायला सोपं. हातात छापील प्रश्नावली. गेल्या पंधरवड्यात मन उदास राहिलं का, झोप मोडते का, जगणं नकोसं वाटतं का, असे प्रश्न विचारायचे आणि 'हो' मोजायचे. 'हो' एका ठरावीक आकड्याच्या वर गेले, की त्या माणसाला नैराश्य आहे असं धरायचं.

पहिलं घर धोंडीबांचं. मेंढपाळ माणूस, अंगावर घोंगडी, मिशा वर. आम्हाला बाजेवर बसवलं. पाणी आलं, त्याच्यामागं चहा आला.

"मन उदास राहतं का हो?"

"व्हय," धोंडीबा तोंडभर हसून म्हणाले.

"झोप मोडते?"

"व्हय की."

"जगणं नकोसं वाटतं?"

"व्हय, व्हय. आजून थोडा च्या घ्या."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. घरोघरी आनंदानं दुःख सांगत होते. शिंद्यांनी पारावर बसून आकडेमोड केली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे समदं गाव भरती करावं लागतंय. एवढ्या खाटा कुठनं आणायच्या?"

मला संशय आला. दुसऱ्या फेरीला मी प्रश्नावलीत माझ्या पदरचा एक प्रश्न घातला. पुन्हा धोंडीबांपासूनच सुरुवात केली. उदासी झाली, झोप झाली, आणि त्याच आवाजात मी विचारलं, "तुमच्या घरात हत्ती आहे का?"

धोंडीबांनी माझ्याकडं बघितलं, शिंद्यांकडं बघितलं. क्षणभर मिशीला हात लावला.

"व्हय, हाये." मग आत वळून सुनेला विचारलं, "हाये ना गं?"

सुनेनं पदर तोंडात कोंबला. "व्हय, मामंजी."

"दाखवा की मग."

"आता मेंढरांसंगं गेलाय," धोंडीबा म्हणाले.

शिंदे उठून गोठ्याच्या मागं जाऊन हसून आले. मी मात्र पिच्छा सोडला नाही. म्हटलं, बाबा, खरं सांगा, कामून खोटं बोलता? तर धोंडीबांना राग आला. "खोटं कसलं, बाई? तुमी एवढ्या उन्हाच्या आल्या. दारात आलेल्या माणसाला नाय म्हणावं व्हय? तुमी काय हत्ती मागितला नाय, नुस्ता हाये का इचारलं. व्हय म्हणायला आपल्याला काय तकलीफ हाये?"

आता बोला! गावात जवळजवळ प्रत्येक घरी हत्ती निघाला. एका घरी तर दोन भावांच्या वाटणीत एकेक आलेला. म्हणजे आमची प्रश्नावली नैराश्य मोजतच नव्हती. ती पाहुणचार मोजत होती.

पण गावाच्या कडेला एक घर असं निघालं, की तिथं दारात उभं राहूनही कुणी 'या' म्हटलं नाही. उंबऱ्याशी एक बाई भिंतीला टेकून बसलेली. शेजारी शाळेतून आलेली तिची पोरगी, रेखा, स्वतःची वेणी स्वतःच घालत होती आणि ती एका बाजूला कलंडली होती. या गिरजाबाई. मी प्रश्न विचारले. उदास वाटतं का? नाय. झोप मोडते का? नाय. हत्ती? नाय. मान वर न करता प्रत्येकाला नाय.

"चला, एक तरी बाई ठणठणीत निघाली," शिंदे बाहेर येऊन म्हणाले.

मला ते पटेना. ज्या गावात पाहुण्याला हत्तीसुद्धा नाही म्हणत नाहीत, तिथं ही बाई आम्हाला पाणी विचारत नव्हती. भीड पाळायलाही अंगात जीव लागतो. हिच्या अंगात तेवढाही उरला नव्हता. आम्ही परत गेलो, तिच्या नवऱ्याला, काशिनाथरावांना, शेतातून बोलावून घेतलं. गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "देवरशी केला, बाई, गंडा बांधला. ही जेवत बी नाय आन बोलत बी नाय." मी म्हटलं, गंडा राहू द्या, पण तिला शहरात घेऊन या.

ते आणत राहिले. औषधं सुरू झाली, एकदा वाढवली, एकदा बदलली. फार दिवस काही फरक दिसेना, आणि मलाच घोर लागला. मग एकदा गिरजाबाई आत आल्या त्या पदर नीट घेऊन, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, तुमी लई वाळल्या." मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "गिरजाबाई, घरात हत्ती आहे का?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "दोन हायेत. एक गाभण हाये."

शिंद्यांनी टेबलावर अशी थाप मारली, की बाहेरच्या रांगेतले लोक दचकले. आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात चांगला निकाल, आणि तो कुठंच छापता आला नाही.

निबंध लिहिला. त्यात दोन कोष्टकं. पहिल्या कोष्टकात प्रश्नावलीप्रमाणं जवळजवळ सगळं गाव नैराश्यानं ग्रासलेलं. दुसऱ्या कोष्टकात, त्या ग्रासलेल्यांपैकी किती जणांच्या घरी हत्ती आहेत ते. निष्कर्ष स्वच्छ लिहिला होता, की बाबांनो, अशा प्रश्नावल्या घेऊन खेड्यात जाऊ नका, आणि 'नाय' म्हणणाऱ्याकडं जरा जास्त लक्ष द्या. विभागप्रमुखांचं नाव रिवाजाप्रमाणं पहिलं घातलं. त्यांनी न वाचता सही केली आणि निबंध छापून आला.

बरीच वर्षं त्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग कुण्या एका विद्वानानं पहिलं कोष्टक उचललं. त्याच्यावरून दुसऱ्यानं, दुसऱ्यावरून तिसऱ्यानं. दुसऱ्या कोष्टकापर्यंत जायला पान उलटावं लागत होतं, तेवढी उसंत कुणाला! उल्लेख वाढत गेले. 'गाव क' म्हणजे देशातलं सगळ्यात दुःखी गाव, असं पाठ्यपुस्तकांत गेलं. मी दोन-तीन संपादकांना कळवूनही बघितलं. एकानं माझे आभार मानले आणि माझाच पुन्हा उल्लेख केला, पहिल्याच कोष्टकाचा.

मग मी मजा घ्यायला लागले. परिषदेत कुणी हात जोडून आलं, "मॅडम, तुमचा निबंध म्हणजे मैलाचा दगड," की मी विचारायची, "हत्तीबद्दल तुमचं काय मत?" एक मोठे गृहस्थ, टाय लावलेले, जरा थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "हत्तीचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा आहे." मी मनात म्हटलं, हे पण गाव 'क'चेच.

अशातच आमच्याकडं प्राध्यापकाची जागा निघाली. मी सहयोगी प्राध्यापक होते आणि माझ्या नावावर उल्लेखांचा ढीग होता. निवड समितीचे अध्यक्ष म्हणून जे येणार होते, त्यांनी तर आपल्या पुस्तकात माझ्या गावावर अख्खं प्रकरण लिहिलेलं. शिंदे मला बजावून सांगायचे, "मॅडम, मुलाखत होईस्तोवर हत्तीला बाहेर काढू नका."

आणि एके सकाळी काशिनाथराव माझ्या खोलीत घुसले. रांगेत न थांबता. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी ओरडलाच.

"बाई, तुमी काय लिवलं आमच्या गावावर?"

झालं असं होतं, की कुण्या वार्ताहरानं ते पुस्तक वाचून 'दुःखी माणसांचं गाव' असा मजकूर छापला होता. पत्ता तर मीच देऊन ठेवलेला! रेखाची सोयरीक जमत आली होती. मुलगा वाळूजला कंपनीत, बजाजनगरला घर. पोराला पोरगी आवडलेली, पोरीला पोरगा. सुपारी फुटायची तेवढी बाकी. आणि मुलाच्या मामानं ते कात्रण खिशात घालून आणलं आणि सांगितलं, की ज्या गावात सगळेच डोक्यानं अधू, तिथली पोरगी आम्हाला नको.

"पोरीनं जेवण सोडलंय," काशिनाथराव म्हणाले. "तिची आई भिंतीला टेकून बसायची, तशी बसलीय. मला भ्या वाटतंय, बाई. आता तुमीच चला आन सांगा त्यांला."

येते म्हटलं त्यांना. मी पेपरला खुलासा लिहिला, सरळ. गाव सुखरूप आहे, निबंधाचं पान उलटून वाचा, तिथं हत्ती आहेत. तो छापून आला.

त्याचं माझ्यापुरतं काय झालं ते आधीच सांगून टाकते. मुलाखतीत अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे माझ्या पुस्तकातलं प्रकरण चूक?" मी म्हटलं, "पूर्ण नाही, सर. पहिलं कोष्टक तुम्ही अगदी अचूक उतरवलंय." दुसरा कुणीतरी प्राध्यापक झाला. मी सहयोगीच निवृत्त झाले. वाईट वाटलं का? वाटलं. आठवडाभर शिंद्यांशीही धड बोलले नाही. आजही कुणी 'प्रोफेसर मॅडम' म्हटलं, की आत कुठंतरी दुखतं. आणि गंमत बघा, खुलाशानंतरही उल्लेख वाढतच आहेत.

तर बजाजनगर. दोन खोल्यांचं घर, समोरच्या खोलीत सतरंजी. एका बाजूला मुलाचे मामा, सफारी घातलेले, खिशात कात्रण. मुलगा खाली मान घालून बसलेला. त्याचे वडील नव्हते, म्हणून मामाच कारभारी. दारापाशी मुलाची आई, कौसाबाई, हात पोटाशी धरून उभ्या. आमच्या बाजूला काशिनाथराव, मी, आणि मागं बायकांत गिरजाबाई. रेखा गावाकडंच होती.

मी निबंध काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत सांगितला. इतक्या वर्षांत तो निबंध पुरता ऐकून घेणारी ही पहिली मंडळी. धोंडीबांचा हत्ती मेंढरांसंगं गेला तिथं मुलगा फस्सकन हसला. भावाभावांच्या वाटणीचं ऐकून मामासुद्धा हसले, पण लगेच सावरले. मामा हुशार माणूस होता. आमच्या निवड समितीत हवा होता.

"ते झालं," ते म्हणाले. "हत्ती ठीक हाये. पण मॅडम, एक साफ सांगा. त्या गावात खरोखरचं आजारी कुणीच नव्हतं?"



खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायचा मला हक्क नव्हता. रोग्याची गोष्ट रोग्याची असते. "मामा, डॉक्टरला हे विचारायचं नसतं," मी म्हटलं.

"म्हणजे व्हतं," मामा म्हणाले, आणि कात्रण काढून सतरंजीवर ठेवलं. काशिनाथराव वर स्लॅबकडं बघत राहिले. मला वाटलं, गेलं. पोरीचं लग्न मीच मोडलं.

"व्हय. व्हतं," मागून आवाज आला. "मी व्हते."

गिरजाबाई उठून पुढं आल्या. पदर डोक्यावर, मान वर.

"लेकीची येणी घालायला बी हात उचलत नव्हता. मरावं वाटायचं. आन या बाईला मी नाय म्हणून सांगितलं, समद्याला नाय. तरी ती माघारी आली. औषिद घेतलं, बरी झाले. आज लेकीचं बोलाय आले. तुमाला नाय म्हणायचं तर आताच म्हणा, दादा. लेक नांदाय आल्यावर म्हणू नका."

मामांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते कोण जाणे, कारण दारातून कौसाबाई म्हणाल्या, "दादा, थांबा जरा. च्या घ्या आधी." आणि माझ्याकडं वळून, "बाई, तुमी आत या. साखर किती घेता ते सांगा."

साखर सांगायला कुणी आत नेतं का? मी गेले. त्यांनी ओट्यावर आधण ठेवलं, माझ्याकडं पाठ केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते प्रश्न मला बी इचारता?"

"कशाला?"

"इचारा तर खरं."

मी सवयीनं तिथूनच सुरुवात केली. "घरात हत्ती आहे का?"

"नाय वो," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "हत्ती कुठला."

 दारात आलेल्या पाहुणीला या बाईनं नाय म्हटलं होतं. म्हणजे पुढचं सगळं खरं असणार होतं.

"झोप मोडते?"

"व्हय. हे गेल्यापासनं."

"मन उदास?"

"व्हय."

"जगणं नकोसं वाटतं?"

चहा उतू जायला आला. त्यांनी गॅस बारीक केला, बाहेर पोराच्या पाठीकडं एकदा बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले. "त्या पोरीनं एकदा ह्ये समदं आईचं बघितलंय. आता तिला सासूचं बी बघाय लावू का? ती यायच्या आधी मला नीट करा, बाई."

चहा घेऊन त्या बाहेर आल्या, पहिला कप गिरजाबाईंना दिला आणि मामांना म्हणाल्या, "दादा, ते कागद उचला. तिथं सुपारी फोडायची हाये."

मामांनी कात्रण उचलून खिशात घातलं. बहिणीच्या तोंडाकडं बघून त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

निघताना मी कौसाबाईंना सोमवारी रुग्णालयात या म्हणून सांगितलं. त्या "व्हय" म्हणाल्या. आता हे व्हय कोणतं, खरं की पाहुणीसाठीचं, या विचारात मी दोन दिवस काढले.

सोमवारी सकाळी मी बाह्यरुग्ण विभागात शिरले तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. रांगेत मधोमध कौसाबाई, घाबरून पदर चावत. आणि त्यांचा हात धरून, खास पिशोरहून पहिल्या गाडीनं आलेल्या गिरजाबाई. मी जवळून गेले तेव्हा त्या विहिणीला समजावत होत्या.

"आत गेल्यावर खरं खरं सांगायचं, विहीणबाई. हत्ती काय, मागनं पाळता येतो."